गॅरेजमधला सॉ आणि आईंचा ओटा

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरातला किचनचा वर्कटॉप, म्हणजे तिकडचा ओटा, मला कमरेच्या जरा वर यायचा. सासूबाईंना तो जवळजवळ छातीशी लागायचा. त्या पाच फुटांपेक्षाही बुटक्या होत्या. पोळी लाटताना त्यांचे खांदे वर उचललेले असायचे, आणि लाटण्यावर जोर द्यायचा म्हटलं की टाचा उंचवाव्या लागायच्या.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याने पुण्याचा फ्लॅट बंद केला आणि आईंना इकडे आणलं. तो एकुलता एक, त्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता. आईंनी विरोध केला नाही, पण आल्या त्या गप्पच. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायच्या. दिवसभर आम्ही दोघं कामावर; तो हॉस्पिटलमध्ये हाडांचा डॉक्टर, मी शाळेत गणित शिकवायचे. मुलगी दुसऱ्या गावी युनिव्हर्सिटीत. संध्याकाळी घरी यावं तर पोळ्या झालेल्या, भाजी झालेली, आणि आई खिडकीपाशी बसलेल्या.

"तुम्ही कशाला केलंत, आई?"

"मग काय करू?"

एवढंच.

नवऱ्याने त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचं एक स्टूल आणलं, लहान मुलं बेसिनपाशी उभी राहायला वापरतात तसलं. एका शनिवारी सकाळी ते कलंडलं. मी शेजारीच होते म्हणून त्यांचा दंड धरता आला. तापलेला तवा मात्र खाली आला आणि जमिनीच्या लिनोलियमवर मोठा काळा डाग पाडून गेला. आई खाली बसून सांडलेलं पीठ गोळा करायला लागल्या. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. माझ्यामुळेच झालं."

ते वाक्य मला फार लागलं. त्यांच्यामुळे काय झालं होतं? वर्कटॉप उंच होता, इतकंच.

किचन फिटिंगच्या शोरूममधला माणूस म्हणाला की वर्कटॉप एकाच उंचीचे येतात. खालची कपाटं कापून उंची कमी करता येईल, पण मग वॉशिंग मशीन खाली बसणार नाही, आणि घर विकताना लोक नाक मुरडतील.

"मीच करते," मी नवऱ्याला म्हटलं. "खिडकीखालच्या भिंतीला वेगळा ओटा. आईंच्या उंचीचा, बीचच्या लाकडाचा."

मला लाकडाचं थोडंफार येत होतं. दोन-तीन हिवाळे मी कॉलेजच्या संध्याकाळच्या सुतारकामाच्या क्लासला जात होते. बुकशेल्फ केलं होतं, एक बाक केला होता. पण ओट्यासाठी बीचच्या जाड फळ्या आणायच्या, त्यांच्या एकसारख्या लांब पट्ट्या काढायच्या, आणि त्या पट्ट्या कडेवर उभ्या ठेवून एकमेकींना चिकटवायच्या. बीच कठीण असतं. हातकरवतीने एक पट्टी काढता काढता खांदे भरून यायचे, आणि तीही वाकडी निघायची.

"त्यासाठी टेबल सॉ लागेल," मी म्हणाले.

टेबल सॉ म्हणजे एक लोखंडी टेबल आणि त्याच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं. पातं एका जागी फिरत राहतं, लाकूड आपण त्याच्याकडे ढकलायचं.

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुला माहितीये, बँक हॉलिडेच्या सुट्टीत लोकांनी घरी सुतारकाम केलं की आमच्याकडे कोण येतं?"

"माहितीये."

"नाही, माहीत नाही. टी टॉवेल गुंडाळून हात घेऊन येतात. आणि तुटलेलं बोट कधी कधी फ्रोझन मटारच्या पिशवीत. सगळे एकच सांगतात, एका सेकंदात झालं. मी शिवतो तेवढं शिवतो. तुझा हात मला नाही शिवायचाय."

तो ओरडून बोलत नव्हता, म्हणून जास्त जड वाटलं. मी म्हटलं, "मग माझ्याबरोबर ये आणि तूच बघ. जो सुरक्षित वाटेल तोच घेऊ. एकही पसंत पडला नाही तर नाही घ्यायचा."

असा आमचा तह झाला.

पहिल्यांदा आम्ही रिंग रोडपलीकडच्या, घरच्या घरी कामं करणाऱ्यांसाठीच्या डीआयवायच्या दुकानात गेलो. तिथे चकचकीत नवा सॉ होता, पात्यावर झाकणासारखा पिवळा गार्ड लावलेला. गार्ड बघून नवरा खूश. मी टेबलावर हात ठेवून जरा दाबलं तर अख्खं यंत्र डुगडुगलं. लाकूड ज्या सरळ पट्टीला टेकवून पुढे न्यायचं, तिला फेन्स म्हणतात. ती एका टोकाला घट्ट केली तरी दुसरं टोक बोटाने हलत होतं. मी नवऱ्याला ते दाखवलं. "फेन्स पात्याला समांतर राहिली नाही की लाकूड मध्ये अडकतं. आणि अडकलं की पातं ते उचलून आपल्याच अंगावर फेकतं."

विक्रेत्याने सॉ सुरू करून दाखवला. मोटर अशी किंचाळली की पलीकडच्या रांगेतली बाई मागे वळून बघायला लागली. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, शेजाऱ्यांची बैठक आमच्या भिंतीला लागून. तो बेत तिथेच संपला.

मग बंद पडलेल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमधला सॉ बघितला. दणकट, सुंदर, पण थ्री-फेजवर चालणारा. घरच्या प्लगवर तो चाललाच नसता.

शेवटी स्थानिक पेपरातल्या छोट्या जाहिरातीत एक सापडला. रविवारी दुपारी बघायला जायचं ठरलं. आईंना एकट्यांना ठेवायला नको म्हणून त्यांनाही गाडीत घेतलं. नऊवारीवर जाड कार्डिगन, त्यावर कोट, पायात लोकरी मोजे. गाडीत त्यांनी कुठे चाललोय हेसुद्धा विचारलं नाही.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका इंग्रज बाईंनी. त्यांचे यजमान कार फॅक्टरीत लाकडाचे साचे बनवायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या आम्हाला मागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. शेड थंडगार, सगळं जागच्या जागी. मध्यभागी सॉ, त्यावर एक जुनी रजई. बाईंनी रजई बाजूला केली आणि खालचं ओतीव लोखंडाचं टेबल चमकलं. इंग्लंडच्या दमट हवेत लोखंड उघडं ठेवलं की काही दिवसांत तांबूस डाग पडतात. इथे एकही नव्हता.

"हे असं कसं राहिलं?" मी विचारलं.

"मी मेण लावते," त्या म्हणाल्या. "तो लावायचा, म्हणून मीही लावत राहिले. मशीन कसं चालू करायचं तेसुद्धा मला माहीत नाही."

मी बघत असताना आईंनी हलकेच माझ्या कोटाची बाही ओढली. "काय म्हणतायत त्या?"

मी सांगितलं. आईंनी पुढे होऊन टेबलावर तळवा ठेवला, मग बाईंकडे बघितलं. "त्यांना विचार, इतकं जपलंय तर विकता कशाला?"

इतक्या महिन्यांत आईंनी परक्या माणसाला स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. मी तो इंग्रजीत सांगितला. बाई जराशा हसल्या. "ज्याच्यावर कोणी काही कापत नाही, ते किती दिवस पुसत बसायचं? आता कोणी वापरलं तर बरं वाटेल."

आईंना मराठीत सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, "खरंय त्यांचं. हे गेल्यावर मीही ह्यांचे चष्मे पुसून ठेवायची."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. नवरा खाली वाकून मोटरकडे बघत होता, तो तसाच वाकलेला राहिला. बाईंनी "काय म्हणाल्या?" असं विचारलं, मी सांगितलं, आणि त्या आईंचा हात धरून त्यांना घरात चहाला घेऊन गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही शेडमध्ये असेपर्यंत त्या आत बसून होत्या. नंतर बघितलं तर फोटोचा अल्बम उघडलेला होता आणि आई बिस्किट चहात बुडवून खात होत्या.

शेडमध्ये नवऱ्याने सॉची तपासणी केली, पेशंटची करतो तशीच. मी फेन्स सरकवून घट्ट केली. ती दोन्ही टोकांना जागची हलली नाही. सुरू केला तर मोटर नुसती घुमली, आवाज शेडबाहेर जेमतेम जात असेल. पात्याच्या मागे पोलादाची एक जाड पट्टी होती. कापलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला चिमटू नये म्हणून ती असते. वरचा गार्ड मात्र नव्हता.

"गार्ड कुठाय?" नवऱ्याने विचारलं.

तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला सापडला, धुळीने भरलेला. बाईंच्या यजमानांनी तो बहुधा कधी लावलाच नव्हता. नवऱ्याने तो पुसला, स्वतः स्क्रू पिळून बसवला आणि माझ्याकडे वळला. "हा कधीही निघणार नाही. कशासाठीही नाही."

"नाही निघणार."

"मग घेऊ या."

सॉ सुटा करून व्हॅनमधून आणायला आम्हाला आणि शेजाऱ्यांना मिळून अख्खा शनिवार लागला. आमची गाडी त्या दिवसापासून रस्त्यावर राहायला लागली आणि गॅरेज माझं झालं. पातं फेन्सला समांतर आहे का हे बघण्यात आणखी एक वीकेंड गेला. मग मी आईंना बोलावलं.

"इथे उभ्या राहा. पोळी लाटताय असं समजा."

त्यांनी कोपरं वाकवून हवेत लाटणं फिरवलं. मी जमिनीपासून त्यांच्या हातापर्यंत माप घेतलं, मग त्यातून पोळपाटाची उंची वजा केली. आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"लग्न होऊन आले तेव्हा ओटा सासूबाईंच्या उंचीचा होता," त्या म्हणाल्या. "फ्लॅट घेतला तेव्हा गवंड्याने त्याच्या मनाने केला. मला कोणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, असं विचारतात म्हणून."

वखारीतून बीच आलं. जड, फिकट गुलाबी, कापलं की किंचित गोडसर वास येणारं. प्रत्येक फळीची एक कड मी रंध्याने सरळ करून घ्यायचे, ती कड फेन्सला लावायचे, आणि फळी सावकाश पात्याकडे न्यायचे. फळी लांब असली की पलीकडून बाहेर आलेलं टोक खाली झुकतं, ते कोणीतरी धरावं लागतं. नवरा शनिवारी बहुतेक वेळा कामावर. एके दिवशी आईच म्हणाल्या, "मी धरते की."

मी त्यांना गॉगल दिला, पदर कमरेला घट्ट खोचायला सांगितला, बांगड्या कार्डिगनच्या बाहीत सरकवल्या. "आई, फक्त खालून हात द्यायचा. ओढायचं नाही. ढकलायचं काम माझं."

"कळलं."

पहिल्याच पट्टीला त्यांनी ओढलं. मी सॉ बंद केला. कडेला पात्याची खोल खूण पडली होती. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी खुणेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "घाई झाली. सवय आहे ना, कोणी काही दिलं की घ्यायचं." त्यानंतर त्यांनी कधी ओढलं नाही. पट्टी त्यांच्या तळव्यांवरून अलगद सरकत जायची, संपली की त्या ती उचलून भिंतीशी उभी करायच्या आणि पुढच्या फळीची वाट बघत थांबायच्या. दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात बोलायला लागल्या. आधी लाकडाबद्दल, मग पुण्याबद्दल, मग सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल. सॉ सुरू झाला की थांबायच्या, बंद झाला की जिथे सोडलं होतं तिथून पुढे.

अपघात झाला तो पट्ट्या काढताना नाही. ओट्याच्या पायांसाठी मी आडवे, आखूड तुकडे कापत होते. सगळे सारख्या लांबीचे यावेत म्हणून तुकड्याचं टोक फेन्सला टेकवलं आणि कापलं. कापून सुटलेला तुकडा फेन्स आणि पात्याच्या मध्ये अडकला, तिरका झाला, आणि पात्याने तो उडवला. गार्डच्या खालून तो निघाला कसा हे मला दिसलंच नाही. कमरेच्या हाडाच्या वर इतका जोराचा फटका बसला की मी गॅरेजच्या दारावर जाऊन आदळले.

आईंनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. मग येऊन माझे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून बोटं बघितली.

"सगळी आहेत," त्या म्हणाल्या. "आता बस."

संध्याकाळी मी सोफ्यावर तिरकी बसले तेव्हाच नवऱ्याच्या लक्षात आलं. त्याने बघितलं. तळहाताएवढं काळंनिळं झालं होतं. दाबून बघितलं, हाड ठीक होतं. आता म्हणेल, विकून टाक तो सॉ, असं मला वाटलं.  तो म्हणाला, "कसं झालं ते मला दाखव."

आम्ही तिघं गॅरेजमध्ये गेलो. सॉ बंद ठेवून मी तुकडा कसा टेकवला होता ते दाखवलं. "ती फेन्स मागे घेता येते का?" त्याने विचारलं. येत होती. त्याच कामासाठी तिला सरकायची सोय होती. क्लासमध्ये एकदा सांगितलेलंही मला नंतर आठवलं. फेन्स पात्याच्या अलीकडेच संपली की सुटलेल्या तुकड्याला अडकायला जागाच राहत नाही. दुसऱ्या दिवशी मी तशी मागे घेऊन कापलं. तुकडा सुटला आणि पात्याशेजारी शांत पडून राहिला. पातं थांबेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. लगेच कापलं ते बरं झालं. आठवडाभर थांबले असते तर कदाचित पुन्हा बटण दाबलं नसतं.

ओटा वसंतात बसवला. पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्पने आवळून ठेवल्या, रंधा मारला, तेल पाजलं. आईंनी पहिल्या दिवशी त्यावर पोळ्या केल्या तेव्हा त्यांचे खांदे खाली होते. मी मुद्दाम तेच बघत होते. त्या जेवायला बसल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "अजून एक घे, आज पातळ झाल्यात."

सॉ विकणाऱ्या बाईंना आम्ही जेवायला बोलावलं. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, खाली वाकून सांधे बघितले, आणि आपल्या यजमानांना हे आवडलं असतं असं म्हणाल्या. आईंनी त्यांना गूळतूप लावलेली पोळी गुंडाळून दिली. पुढे कितीतरी वर्षं त्यांचं येणंजाणं होतं.

त्याच उन्हाळ्यात आई मला म्हणाल्या, "मला एकदा कापू दे."

"काय करायचंय?"

"काही करायचं नाही. कापून बघायचंय."

मी विचार केला. पातं लाकडाच्या जरासंच वर येईल इतकं खाली घेतलं, गार्ड तपासला, फेन्स घट्ट केली. सॉ त्यांना उंच पडत होता म्हणून जुन्या फळ्यांचा रुंद, न हलणारा चौथरा करून दिला. फळी शेवटी पुढे न्यायला हाताऐवजी जी काठी वापरतात ती त्यांच्या हातात दिली. पात्याच्या सरळ रेषेत न राहता डावीकडे उभं राहायचं, हे दोनदा सांगितलं. "ऐकलं गं," त्या म्हणाल्या. मी पलीकडे जाऊन उभी राहिले.

त्यांनी फळी इतकी हळू ढकलली की कापल्या कडेला करपल्याचा डाग आला. पण पट्टी सरळ निघाली. फळी अर्धी कापून झाली असेल तेव्हा नवरा हॉस्पिटलमधून आला आणि दारात थबकला.

"आई! हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस," आई मान न वळवता म्हणाल्या. "पातं फिरतंय."

तो तिथेच उभा राहिला. हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. पट्टी पूर्ण सुटली, काठी मागे आली, मी बटण बंद केलं. पातं थांबल्यावर आईंनी गॉगल कपाळावर सरकवला. चेहऱ्यावर भुसा, आणि मी त्यांना इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"बघ," त्यांनी पट्टी मुलासमोर धरली. "सरळ आलीय ना?"

त्याने एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर फिरवली. "सरळ आहे," तो म्हणाला, आणि मग अगदी बारीक आवाजात, "डावीकडे उभी होतीस ते बरं केलंस."

पुढे तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आम्ही दोघींनी पाट करायला सुरुवात केली. तोपर्यंत लोक सत्यनारायणाला सोफ्याच्या उशांवर बसायचे. पाटाखालच्या पट्ट्या आई कापायच्या, बाकीचं मी. बर्मिंगहॅमपासून लेस्टरपर्यंत कितीतरी घरांत ते पाट गेले. कोणी कौतुक केलं की आई म्हणायच्या, "खालचं काम माझं आहे. उलटा करून बघा." आणि लोक खरंच उलटा करून बघायचे.

मोतीबिंदू झाल्यावर नवऱ्याने त्यांना सॉपाशी जायला बंदी केली. ऑपरेशन झाल्यावरही त्या स्वतःहून परत उभ्या राहिल्या नाहीत. "आता घासायचंच काम दे," म्हणाल्या. मग गॅरेजच्या उघड्या दारात खुर्ची टाकून, मांडीवर पाट घेऊन, सँडपेपरने कडा गोल करत बसायच्या. येणाराजाणारा पोस्टमन त्यांना हात करायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. घरातच, दुपारी, आम्ही दोघं जवळ होतो. त्यानंतर काही महिने मी गॅरेजमध्ये फक्त तिथल्या फ्रीझरमधलं काही आणायला जायचे. मुद्दाम ठरवून असं नाही. सॉकडे हात वळत नव्हता.

मे महिन्यात शेजाऱ्यांचं बागेचं फाटक मोडलं. शेजारी विचारायला आले, करून देशील का. मी हो म्हटलं. लाकूड ओकचं होतं, चांगलं वाळलेलं. नवरा त्या दिवशी घरी होता. तो पलीकडे, आईंच्या जागी, जाऊन उभा राहिला आणि मी सॉ सुरू केला.